शरीर कमवायचं ते कुणी आणि कशाच्या बळावर?

मराठीत शरीर ‘कमावतात’. पैसा कमावतात, चामडं कमावतात, तसंच शरीरही. या क्रियापदात मेहनत आहे आणि काळही आहे. एका दिवसात काहीच कमावून होत नाही. गिरगावातल्या ठाकूरद्वारच्या परिसरात हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. झावबावाडी, फणसवाडी, मुगभाट अशा वाड्यांच्या या वस्तीत पोरानं संध्याकाळी व्यायामशाळेत जाऊन तब्येत करणं ही साधी, सर्वमान्य गोष्ट होती. आता त्याच रस्त्यांवर जिमच्या पाट्या आहेत आणि दुकानांत प्रथिन पावडरीचे मोठाले डबे आहेत. साधनं बदलली, पण प्रश्न तेच राहिले: स्नायू नेमके कशानं वाढतात, त्यासाठी काय आणि किती खावं लागतं, आणि मुळात ते वाढवायचे कुणी? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या संशोधनानं बरीच स्पष्ट केली आहेत. तिसऱ्याचं उत्तर मात्र आपल्या रिवाजाच्या उलट निघतं. ज्यांना स्नायूंची सर्वांत जास्त गरज आहे, त्या चाळिशी ओलांडलेल्या बायका आणि साठी ओलांडलेली माणसं यांनाच आपण व्यायामशाळेच्या दाराबाहेर ठेवलं आहे. त्यांना आत आणायला लागणारी सामग्री या वस्तीतल्या स्वयंपाकघरांत आणि जिन्यांवर आधीपासून आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी स्नायू वाढतो कसा ते पाहू. स्नायूतली प्रथिनं सतत मोडत असतात आणि सतत नव्यानं तयार होत असतात. जड काम केल्यावर तंतूंवर जो ताण पडतो, तो नव्या बांधणीचा हुकूम ठरतो. एका चांगल्या व्यायामानंतर ही बांधणी साधारण एक ते दोन दिवस वाढीव वेगानं चालू राहते. पण शरीर लवकर सरावतं. कालचं ओझं आज पेललं की उद्या ते ओझं वाटत नाही आणि वाढ थांबते. म्हणून भार हळूहळू वाढवत नेणं हा या साऱ्या शास्त्राचा पाया. अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचे पाय याच तत्त्वावर बळकट केले आणि १९४५ साली ती पद्धत प्रसिद्ध केली. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या तयारीचं वर्णन आहे. त्यात भार उचलण्याचा आणि खांबावरचा असे दोन्ही व्यायाम सांगितले आहेत आणि मल्लांच्या खुराकाचीही नोंद आहे. ओझं, खांब आणि खुराक ही सांगड इथल्या मातीला नवी नाही. आता प्रत्येकाचं माप हाती आलं आहे, एवढीच भर पडली.

या मापानं जुन्या मंडळींचा एक लाडका युक्तिवाद तपासता येतो. जोर-बैठका पुरेशा आहेत, लोखंडाची गरज काय, असं ते म्हणतात. यात बरंच तथ्य आहे. जड वजनं आणि हलकी वजनं यांची तुलना करणाऱ्या प्रयोगांचा एकत्रित निष्कर्ष असा, की स्नायूंचा आकार दोन्हींनी जवळपास सारखाच वाढतो. अट एवढीच, की अजून एक-दोन वेळाच जमेल अशा थकव्यापर्यंत प्रत्येक फेरी, म्हणजे सेट, न्यायला हवी. ताकद मात्र जड वजनानं अधिक वाढते. ज्याला पंधरा जोर मारताना दम लागतो त्याच्यासाठी जोर हे उत्तम साधन आहे. शंभर जोर सहज मारणाऱ्याचा दमसास वाढत राहील, छाती-दंडाची वाढ जवळपास थांबेल. तालमीतल्या वस्तादांना हे ठाऊक होतं, म्हणून तर मुद्गल आणि करेल ही वजनदार साधनं आली. एका स्नायूसमूहाला आठवड्याला सुमारे दहा फेऱ्या मिळाल्या तर वाढ अधिक चांगली होते असं दिसतं, पण त्याच्या निम्म्यातही फळ मिळतं. दररोज दोन तास घाम गाळण्याची गरज कुठल्याच अभ्यासानं दाखवलेली नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस, प्रत्येकी पाऊण तास, पण वर्षानुवर्षं: हिशेब असा आहे.

दुसरा आक्षेप घराघरात ऐकू येतो. दिवसभर पाणी भरायचं, पोळ्या लाटायच्या, लादी पुसायची. आणखी व्यायाम कशाला? आक्षेप कष्टातून आलेला आहे, त्याचा मान राखूनच उत्तर द्यायला हवं. घरकाम हालचाल देतं आणि हालचाल हवीच. पण वीस वर्षं तीच बादली, तीच लादी, तेवढ्याच पोळ्या. शरीर त्या कामाला पहिल्या काही महिन्यांतच सरावलेलं असतं. त्यानंतर ते काम थकवतं, पण वाढवत नाही. मांड्या, नितंब आणि पाठ या मोठ्या स्नायूंवर तर त्यातला फारच थोडा भार पडतो. म्हणून दिवसभर राबणाऱ्या बाईला पन्नाशीत जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो. दोष तिच्या कष्टांचा नाही. तिचं ओझं कुणी मोजून वाढवलं नाही, एवढंच झालं.

आता खाण्याकडे वळू, कारण आपली तूट इथेच मोठी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ही गरज व्यायाम न करणाऱ्याची. स्नायू वाढवणाऱ्यांविषयी २०१८ साली ४९ प्रयोगांतल्या १,८६३ व्यक्तींची आकडेवारी एकत्र तपासली गेली. किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिनं वाढवण्याचा फायदा होतो, त्यापुढे सरासरीत काही वाढत नाही, असं तीत आढळलं. म्हणजे ६० किलोच्या बाईला किमान ५० ग्रॅम आणि व्यायाम करत असल्यास ७५ ते ९५ ग्रॅम. आता तिचं ताट पाहा. सकाळी वाटीभर पोहे, त्यात ४ ग्रॅम. दिवसभरात चार पोळ्या, १२ ग्रॅम. भात ६, पातळ वरण ६, चहातलं आणि इतर दूध मिळून ६, भाजीतून ३-४. बेरीज चाळिशीच्या आत. पोट भरतं, पण ते भात-पोळीनं. आणि वरण पातळ असतं कारण डाळ साऱ्या घरात पुरवायची असते. व्यायामशाळेतल्या पोराला दूध-अंड्याचा खुराक आवर्जून मिळतो. त्याच घरातल्या आईचं ताट मोजायचं कुणाच्या मनातही येत नाही.

ही तूट भरायला परदेशी डबा लागत नाही. मूठभर भिजवलेल्या मटकीची, म्हणजे चाळीसेक ग्रॅम कोरड्या कडधान्याची उसळ ९ ग्रॅम देते. मोठी वाटी दही ६-७. मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे ७. पंचवीस ग्रॅम सोयाबीनची वडी १२-१३. एवढी भर घातली की निव्वळ शाकाहारी ताट पंच्याहत्तरीच्या जवळ पोचतं. अंडी खाणाऱ्या घरात प्रत्येक अंड्यामागे ६ ग्रॅम, मासे खाणाऱ्या घरात शंभर ग्रॅम बांगड्यामागे १८-२० ग्रॅम मिळतात. शाकाहारावर शरीर होत नाही हा समज त्यामुळे टिकत नाही. वनस्पतीजन्य प्रथिनं थोडी कमी पचतात, धान्यात लायसिन आणि डाळीत मेथिओनिन ही अमिनो आम्लं कमी, हे खरं. पण वरण-भात आणि पिठलं-भाकरी या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात. डाळीचं प्रमाण वाढवायला मात्र हवं. फणसवाडीच्या नाक्यावरचं विनय हेल्थ होम मिसळीसाठी प्रसिद्ध आहे. मिसळीचा कणा उसळीचा असतो. फरसाण कमी आणि उसळ जास्त घेतली तर तीच बशी व्यायामानंतरचं चांगलं खाणं होते.

प्रथिनं तीन वेळा विभागून घेणंही महत्त्वाचं, विशेषतः वय वाढल्यावर, कारण म्हाताऱ्या स्नायूला जागं करायला एका जेवणात अधिक प्रथिनं लागतात. चहा-बिस्किटांवर सकाळ काढून रात्री एकदाच भरपेट जेवण्याची पद्धत इथे नडते. ऋतूचाही विचार करायला हवा. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि त्याच सुमाराला श्रावण येऊन अनेक घरांत अंडी-मासेही बंद होतात. नेमक्या या दिवसांत गोविंदा पथकांचा सराव रंगात आलेला असतो. गुरुपौर्णिमेपासून गोकुळाष्टमीपर्यंत सव्वा महिना ही पोरं रोज रात्री एकमेकांच्या खांद्यावर चढतात; खालच्या थराच्या पायांवर आणि पाठीवर प्रचंड भार येतो. भार सर्वांत जास्त आणि ताटात प्रथिनं सर्वांत कमी, असा हा योग जुळतो. श्रावणातलं वालाचं बिरडं, मुगाची उसळ आणि ताक यांचं मोल अशा वेळी नैवेद्याइतकंच खुराक म्हणूनही ओळखायला हवं. आणि अष्टमीनंतर दहा महिने सराव बंद ठेवायचा, ही सवयही सोडायला हवी. एकदा कमावलेला स्नायू पुढे लवकर परत मिळतो हे खरं, पण अप्रशिक्षित शरीरानं दरवर्षी थेट थरावर उभं राहणं हा दुखापतीचा रस्ता आहे.

मग पावडरीचं काय? दुधापासून काढलेलं व्हे हे चांगल्या दर्जाचं प्रथिन आहे. त्यात जादू नाही आणि विषही नाही. वर उल्लेखलेल्या ४९ प्रयोगांत अतिरिक्त प्रथिनं घेणाऱ्यांना व्यायामाच्या जोडीनं सरासरी ०.३ किलो चरबीविरहित वजन अधिक मिळालं. डब्यावरच्या छायाचित्राशी हा आकडा ताडून पाहावा. शिवाय डब्यात लिहिलं तेच असेल याची खात्री नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय तपासणीत ३६ उत्पादनांपैकी २५ डब्यांवरचा प्रथिनांचा दावा चुकीचा निघाला. काहींत बुरशीजन्य विषारी द्रव्यंही सापडली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी शरीर वाढवण्यासाठी असे पूरक पदार्थ टाळा असं सांगितलं. जास्त प्रथिनांनी मूत्रपिंडं बिघडतात का, ही भीतीही याच ओघात येते. निरोगी माणसात किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंतच्या प्रथिनांनी मूत्रपिंडाला इजा झाल्याचा पुरावा नाही. ज्यांचं मूत्रपिंड आधीच कमकुवत आहे त्यांना मात्र धोका आहे, आणि मधुमेह व रक्तदाब घरोघरी असताना ही कमजोरी कळत नाही. म्हणून चाळिशीनंतर ताट बदलण्याआधी क्रिएटिनिनची साधी रक्ततपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांना विचारावं.

तरुणांच्या मनातला खरा अडसर वेगळा आहे: भिंतीवरच्या चित्रासारखं शरीर सहा महिन्यांत का होत नाही? १९९६ साली शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी ४३ निरोगी पुरुषांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन सुमारे २ किलोंनी वाढलं. व्यायाम न करता दर आठवड्याला ६०० मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचून घेणाऱ्यांचं ३ किलोंहून अधिक वाढलं आणि दोन्ही करणाऱ्यांचं ६ किलो. म्हणजे सुईनं बसल्या जागी मिळणारी वाढ घामाच्या वाढीपेक्षा जास्त भरली. हे लपवून उपयोग नाही. लपवल्यामुळेच पोरं स्वतःच्या शरीराला दोष देत सुईपर्यंत पोचतात. किंमतही तितकीच स्पष्टपणे सांगायला हवी: वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, रक्त घट्ट होतं, हृदयाचा स्नायू विकृतपणे जाडावतो. शस्त्रक्रियेत घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी वापरायचं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन जोर यावा म्हणून टोचून घेण्याचे प्रकार महाराष्ट्रात पोलीस कारवायांतून पुढे आले आहेत. दहा आठवड्यांत २ किलो हा निरोगी, प्रामाणिक वाढीचा दर आहे आणि पुढे तोही मंदावतो. हे आकडे प्रत्येक प्रशिक्षकानं पहिल्याच दिवशी पोराला सांगितले पाहिजेत.

आता तिसरा प्रश्न: स्नायू कुणी कमवायचे? त्याचं उत्तर पुण्यातून येतं. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच दाखला मांडला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा एकच आकडा दाखवतो आणि आतला मामला निराळा असतो. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचा अभ्यास सांगतो, की ही घडण गर्भातच सुरू होते: बाळं लहानखुरी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानानं टिकवून धरलेली. रक्तातली साखर सामावून घेणारं शरीरातलं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान असेल तर साखर रक्तात साठते. आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या माणसालाही तरुण वयात मधुमेह गाठतो त्याचं हे एक महत्त्वाचं कारण आहे. म्हणून ‘मी कुठे जाडी आहे?’ हे व्यायाम टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. बारीक मराठी माणसाला स्नायूंची निकड अधिक आहे.

वय वाढलं की निकड आणखी वाढते. तिशी-चाळिशीनंतर दर दशकाला ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात आणि साठीनंतर वेग वाढतो. पण ही झीज पूर्णपणे विधिलिखित नाही. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या, सरासरी ९० वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या स्नायूंचा छेद ९ टक्क्यांनी. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ स्त्रियांवरच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातून दोनदा अर्धा तास देखरेखीखाली जड व्यायाम केलेल्या गटाच्या कण्याची घनता आठ महिन्यांत वाढली, तर हलका व्यायाम घरी करणाऱ्यांची घटली. बायकांचं शरीर पुरुषी होईल ही भीती निराधार आहे. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन फार थोडं असतं, त्यामुळे बळ येतं, शरीर बेढब फुगत नाही. या वयाला व्यायाम झेपेल का, असं विचारणाऱ्यांनी याचाही विचार करावा, की स्नानगृहात पाय घसरून मोडलेलं खुब्याचं हाड कुणाला झेपतं?

ठाकूरद्वारला हा प्रश्न आत्ताच तातडीचा आहे. जुन्या चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत. नव्या घरात न्हाणीघर आत येतं, लिफ्ट येते, आयुष्य सुकर होतं आणि ते व्हायलाच हवं. पण चाळीच्या लाकडी जिन्यानं तिसऱ्या मजल्यावरच्या आजीच्या मांड्या नकळत राखल्या होत्या. जिना जातो तेव्हा त्याच्या जागी मुद्दाम काही ठेवावं लागतं. त्याला दहा बाय बाराची खोलीही पुरते. भिंतीला टेकवलेली खुर्ची, तिच्यावरून हात न लावता दहा वेळा उठबस. जमू लागलं की पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून. भिंतीवर हात टेकून जोर, मग ओट्यावर, मग जमिनीवर. बादली तर मोजून मापून वजन देते: एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, दर पंधरवड्याला तांब्याभर वाढवायचं. पाठ सरळ, श्वास रोखायचा नाही, रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस असा बळ वाढवणारा व्यायाम सांगते. चौपाटीवरच्या फेऱ्या हृदयाला चांगल्या आहेत. पण चालण्यात भार वाढत नाही, म्हणून त्या बळाच्या व्यायामाची जागा घेत नाहीत.

घरातला हा आरंभ टिकवायला संस्थेचा आधार लागतो आणि मुंबईला त्याची परंपरा आहे. दादरच्या शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून उभं आहे. तिथे मुलीही दोरीच्या मलखांबावर तयार होतात आणि २०१९ साली मलखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कातच झाली. जे शहर पोरांसाठी आखाडा घालू आणि मुलींसाठी दोरी टांगू शकलं, ते आज्यांसाठी खुर्ची मांडू शकतं. वाड्यांतल्या व्यायामशाळा दुपारी बंदच असतात. त्या वेळातले दोन तास बायकांना आणि वयस्कांना राखून द्यावेत. पुनर्विकासाचा आराखडा मंजूर करताना रहिवाशांनी तळमजल्यावरची व्यायामशाळेची खोली मागून घ्यावी, वाहनतळाइतक्याच आग्रहानं. मंडळाच्या आरोग्य शिबिरात साखर आणि रक्तदाबाच्या जोडीला आणखी एक आकडा लिहून ठेवावा: हात छातीशी दुमडून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता आलं. साठ ते चौसष्ट वर्षांच्या बाईचा आकडा बाराच्या आत असेल तर पाय कमजोर झाले असं अमेरिकेतली आरोग्य यंत्रणा मानते. इथे गणेशोत्सवात एकदा मोजावा आणि गुढीपाडव्याला पुन्हा. मधल्या सहा-सात महिन्यांत आठाचे अकरा झाले, तर त्या बाईनं शरीर कमावलं आणि ते व्यायामशाळेच्या वहीत तिच्या नावावर जमा झालं.